पत्त्याचा माड

खेळ संपला की लोक माझे हात बघायला मागतात. हात पुढे केले की त्यांचे चेहरे पडतात. जादूगाराची बोटं लांबसडक आणि नाजूक असावीत असं कुणीतरी त्यांना सांगून ठेवलेलं असतं. माझी बोटं आखूड, जाड आणि काळी. नखांबद्दल तर विचारूच नका. आणि उजव्या हाताच्या बेचकीत, म्हणजे अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट जिथं मिळतं तिथं, चांगला चिंचोक्याएवढा घट्टा. चिपळुणात एका बाईंनी कळवळून विचारलं होतं, "अहो, हे दुखत नाही का?" म्हटलं, "बाई, हा आहे म्हणून तर घरात चूल पेटते. हा गेला तर दुखेल."

आता सत्तरी उलटल्यावर दिवाळी अंकाचे संपादक म्हणतात, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा. जन्मभर जे लपवून पोट भरलं ते उघड करून लिहा, आणि तेही लोकांनी चकल्या खाताखाता वाचायला! बरं, लिहितो. पण कुठल्या गावात किती खेळ केले, कुणी शाल दिली, ते लिहिणार नाही. या घट्ट्याबद्दल आणि एका भाषांतराबद्दल लिहितो. माझी सगळी विद्या त्यात आली.

आम्ही रत्नागिरीचे भंडारी. आजा माडी काढायचा, बाबा माडी काढायचे, आणि मिसरूड फुटायच्या आधीपासून मीही माडावर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. माडी काढणारा रोज दोनतीनदा माडावर चढतो, नारळाची पोय, म्हणजे न उमललेला तुरा, कोयतीनं हलकेच तासतो आणि त्याखाली मडकं बांधतो. चढायला दोन्ही हात लागतात, म्हणून कोयती कमरेच्या मागे, लाकडाच्या आकडीत अडकवलेली असते. समोरून बघाल तर माणूस रिकामा, पण मागे धारदार पातं लोंबतंय. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा मामा मुंबईच्या बोटीवर खलाशी होता. गोष्ट एकोणीसशे वीस सालानंतरची. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा असेन. एका खेपेला मांडवी बंदरात उतरला तो दोन वस्तू घेऊन. एक पत्त्यांचा कॅट आणि एक इंग्रजी पुस्तक. "जुन्या बाजारात घेतलं. इकणारा म्हनला, ह्याच्यात पत्त्याची जादू हाय," असं म्हणून त्यानं ते माझ्या हातात कोंबलं आणि बोटीवर परत गेला. पुस्तकाला पुठ्ठा नव्हता. आतली चित्रांची पानं कुणीतरी पात्यानं कापून नेलेली. नुसती अक्षरं शिल्लक, आणि माझं शिक्षण मराठी चौथी. पान उघडलं की मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं वाटायचं.

आमच्या आळीच्या वरच्या अंगाला दामले मास्तर राहायचे. मराठी शाळेत शिकवायचे, पण त्यांना इंग्रजी येत होतं, आणि तेच त्यांचं वैभव. मुंबईची तार, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, कोर्टाचा लखोटा, काहीही आलं की माणसं त्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन उभी राहायची. मास्तर ओटीवर यायचे, चष्मा काढून उपरण्याला पुसायचे, पुन्हा लावायचे, आधी सगळं मोठ्यानं इंग्रजीत वाचायचे आणि मग मराठीत सांगायचे. इंग्रजी कुणाला कळायचं नाही, पण ते ऐकल्याशिवाय कुणाचं समाधानही व्हायचं नाही. मास्तरांची बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. आळीत त्यांना जो काही मान होता तो त्या चष्म्याचा होता.

मी पुस्तक घेऊन खळ्यात उभा राहिलो. मास्तरांनी दोन पानं चाळली आणि माझ्याकडे वरून बघितलं.

"जुगार शिकायचाय वाटतं?"

"नाय मास्तर. जादू."

"मग ठीक. बस."

रोज संध्याकाळी दिवे लागायच्या आधी एक पान. ते ओटीवर, मी खळ्यात. मास्तर वाचायचे, मी कॅट घेऊन करून बघायचो. पत्ते पिसल्यासारखं दाखवून वरचा पत्ता वरच ठेवणं जमलं. समोरच्याला वाटावं की त्यानं आपल्या मनानं पत्ता ओढला, आणि प्रत्यक्षात आपणच तो त्याच्या गळ्यात मारावा, हेही जमलं. या दुसऱ्या गोष्टीवर जगातली निम्मी जादू चालते. आणि मग आठव्या की नवव्या पानावर तो शब्द आला.

मास्तर अडखळले. "आता पत्ता उजव्या हातात... पाम करा." त्यांनी चष्मा वर सरकवला. "पाम. पाम म्हणजे माड."

"माड?"

"माड. इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकात चित्रासकट आहे. पाम, माडाचं झाड. पत्ता उजव्या हातात माड करा म्हणजे तो प्रेक्षकांना दिसेनासा होतो. असं लिहिलंय."

"पण मास्तर, पत्त्याचा माड करायचा म्हणजे काय करायचं?"

मास्तर खवळले. "अरे शिंच्या, भंडारी तू की मी? माडाचं मला काय विचारतोस!"

बरोबरच होतं त्यांचं. भंडाऱ्याच्या पोरानं बामणाला माडाबद्दल विचारावं म्हणजे झालंच की! लाज वाटून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माडावर होतो. पोय तासून झाली, कोयती मागे आकडीत अडकवली आणि उतरण्याआधी जरा दम घेत वर बघितलं. झावळ्या चारी बाजूंना फाकलेल्या, आरपार आभाळ दिसतंय, लपवायला कुठं जागा नाही. आणि माझी कोयती बुंध्याच्या आड, माझ्या पाठीमागे. अहो, डोक्यात असा काही लख्ख उजेड पडला की मी माडावर आहे हेच विसरलो. थोडक्यात वाचलो. बोटं म्हणजे झावळ्या, ती फाकायची. पत्ता म्हणजे कोयती, तो मागे लोंबायचा.

खाली येऊन करून बघितलं. पत्त्याचा कोपरा अंगठ्याच्या बेचकीत मागच्या बाजूनं धरायचा. उरलेला पत्ता तळव्याच्या मागे, मनगटाकडे खाली लोंबतो. पाची बोटं फाकून समोर धरली तर समोरच्याला रिकामा हात दिसतो. आता सांगायला सोपं आहे. पत्ता एका कोपऱ्यावर तोलायचा, आणि चामडी मऊ असेल तर तो सटकतो. मास्तरांनी स्वतः करून बघितलं तेव्हा सात वेळा पडला. माझ्या बेचकीत मात्र लहानपणापासून कोयतीच्या मुठीनं घट्टा पाडलेला होता. त्या घट्ट्याच्या कडेला पत्त्याचा कोपरा असा बसायचा, जसा काही त्याच्यासाठीच खाच केली होती.

बसायचा म्हणजे पहिल्या दिवशी बसला असं नव्हे. दोन पावसाळे गेले. पावसाळ्यात बोटी बंद, माड निसरडे, वेळच वेळ. पण कोकणातल्या पावसात पत्ता म्हणजे न वाळलेला पापड. फुगायचा, शेजारच्याला चिकटायचा. चुलीच्या वरच्या फळीवर भाताच्या तुसात कॅट पुरून ठेवायचो, तासभर कोरडा राहायचा, तेवढ्यात सराव. आई म्हणायची, "राजा-राणीला शेक देतोय बघा." बाबा एकदाच म्हणाले, "काय रं, माडावर चढून प्वाट भरतंय, पत्त्यावर चढून भरंल काय?" मी पत्ते परत तुसात पुरले.

मग लहानसहान खेळ सुरू झाले. कुणाचं बारसं, कुणाची सत्यनारायणाची पूजा. मास्तर बरोबर यायचे आणि खेळाआधी उभं राहून सांगायचे, "या मुलानं ही विद्या इंग्रजी ग्रंथावरून आत्मसात केली आहे." 'ग्रंथ' म्हणताना त्यांचा आवाज अर्धा चढायचा. गिऱ्हाइकं एकेक भेटायची. सावर्ड्याला एका गृहस्थांपुढे पत्ते पसरले, म्हटलं घ्या कुठलाही. हात मागे बांधून म्हणाले, "आज संकष्टी. चंद्र उगवेपर्यंत पत्त्याला शिवत नाही." आता गळ्यात मारायचा कुणाच्या? शेवटी त्यांच्या सौभाग्यवतींनी घेतला, आणि कुठला घेतला ते सांगायला साफ नकार दिला, कारण तो राजा होता आणि नवऱ्यासमोर परक्या राजाचं नाव कसं घ्यायचं! मीच सांगितला तर म्हणाल्या, "इश्श, तुम्हांला कसं कळलं?" हसून हसून पूजेचा प्रसाद सांडला.

असं बरं चाललं होतं, तेवढ्यात प्रोफेसर चंद्रसेन रत्नागिरीत आले. हे मुंबईचे जादूगार. काळा कोट, छातीवर पदकांची रांग, दाढी टोकदार. देवळाच्या मांडवात त्यांचे तीन दिवस खेळ झाले. माणूस खरोखर मोठा होता, त्याबद्दल दुमत नाही. मास्तरांना राहवलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी प्रोफेसरांना चहाला बोलावलं. "आमचा एक विद्यार्थी आहे. आपण बघावं." आळीतली दहाबारा माणसंही खळ्यात जमली. मी कॅट घेऊन उभा.

"कुठून शिकलास?" प्रोफेसरांनी विचारलं.

मास्तरांनी पुस्तक पुढे केलं. "आम्ही भाषांतर करून शिकवलं. हे बघा, इथं. पत्ता उजव्या हातात माड करावा..."

"काय करावा?"

"माड. पाम."

प्रोफेसरांच्या नाकातोंडातून चहा आला. "अहो मास्तर, पाम म्हणजे तळहात! तळहात हो! पत्ता तळहातात लपवा असं लिहिलंय. आणि तुम्ही या पोराला माडावर चढवलंत!" आणि ते हसायला लागले. वाईट हेतू नव्हता त्यांचा, पण हसणं दाबणारा माणूस नव्हता तो. खळ्यातले सगळे हसले. कुणी गुडघ्यावर थाप मारली, कुणी "माड! आई गं!" म्हणून खाली बसलं.

आणि मीही हसलो.

हे लिहायला मला पन्नास वर्षं लागली. ज्या माणसानं दोन वर्षं रोज संध्याकाळी माझ्यासाठी घसा कोरडा केला, त्याच्या खळ्यात उभं राहून, त्याच्या तोंडावर, मी हसलो. सगळे हसत होते म्हणून हसलो. मुंबईच्या माणसाला मी गावंढळ वाटू नये म्हणून हसलो.

मास्तर म्हणाले, "होय. तसाही एक अर्थ आहे." त्यांनी चष्मा काढला, उपरण्याला पुसला, आणि या वेळी पुन्हा लावला नाही. खिशात ठेवला. प्रोफेसरांनी मग मला तळहातात पत्ता धरायची खरी रीत दाखवली. त्यात माझी माडाची रीत कुणी बघितलीच नाही, आणि शरमेनं मीही दाखवली नाही.

आळीला विषय मिळाला. पोरं मास्तरांना बघितलं की लांबून ओरडायची, "माडमास्तर!" मोठी माणसं ओरडत नसत, पण तोंडावर हात धरत. तेही एकवेळ चाललं असतं. पण एक दिवस शेजारच्या काशीकाकू औषधाची बाटली घेऊन खळ्यात गेल्या, आणि मास्तर आतूनच म्हणाले, "पोस्टातल्या कारकुनाकडे जा. मला नीट येत नाही." काशीकाकूंनी येऊन आईला सांगितलं. आईनं माझ्याकडे बघितलं आणि भाकरी थापत राहिली. त्यानंतर मास्तरांच्या खळ्यात कुणी कागद घेऊन गेलं नाही. ओटीवर मास्तर एकटे बसलेले दिसायचे, हातात काही नाही.

मी काय केलं? मी तळहात शिकलो! म्हटलं आता बरोबर शिकूया. माडावर चढणं सोडून सहा महिने घासलं. बरोबर रीतीत पत्ता तळव्यात वाकवून धरतात आणि बोटं एकमेकांना चिकटवून ठेवतात. माझा तळवा खरबरीत, बोटं आखूड, पत्त्याची कड बाहेर डोकवायची. तरी मालगुंडच्या जत्रेत खेळ घेतला. माणसं खचाखच. पुढच्याच रांगेत एक म्हातारी मासेवाली बसली होती, कपाळाला आडवं कुंकू, तोंडात पान. मी पत्ता नाहीसा केला, हात वर धरला. म्हातारीनं डोळे बारीक केले आणि सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असं ओरडली, "बोटं फाक रं मेल्या!"

लोकांनी ते उचललं. "बोटं फाक! बोटं फाक!" फाकावीच लागली. चौकटचा गुलाम तोंड वर करून खाली पडला. पुढचं सांगत नाही. एक नारळाची करवंटी माझ्या कानाजवळून गेली एवढं पुरे.

रत्नागिरीला चालत परत येताना मी फक्त त्या म्हातारीच्या शब्दांचा विचार करत होतो. बोटं फाक. अरे, बोटं फाकणं हेच तर मला येत होतं! जगातल्या झाडून सगळ्या जादूगारांना बोटं मिटावी लागत होती, आणि मास्तरांच्या चुकीनं मला एकट्याला ती उघडता येत होती. आणि ती चूक मी टाकून दिली होती, मुंबईच्या माणसाला शहाणा ठरवण्यासाठी. घरी न जाता सरळ माडाकडे गेलो, बुंध्याशी ठेवलेली बाबांची कोयती घेतली आणि चढलो. घट्टा सहा महिन्यांत मऊ पडला होता. तो परत आणायला दोन महिने लागले.

पुढच्या वर्षी प्रोफेसर चंद्रसेन पुन्हा आले. त्यांचा एक रिवाज होता. शेवटच्या खेळात ते म्हणायचे, गावात कुणी पत्ते खेळवणारा असेल तर त्यानं वर यावं. शेवटचा खेळ दुपारी चारचा होता. सकाळी मी मास्तरांकडे गेलो.

"मास्तर, आज मांडवात या."

"काय बघायला? तळहात?"

"नाय. माड."

ते हसले नाहीत. "एकदा झालं तेवढं पुरे नाही का रे? तू खुशाल जा. तळहात कर, नाव काढ. माझं नाव तेवढं घेऊ नकोस." आणि आत गेले. मी खळ्यात उभाच. त्या दिवशी मला कळलं की मी हरलो तर मी फक्त पुन्हा माडी काढायला जाईन. हा माणूस मात्र मरेपर्यंत माडमास्तर राहील.

दुपारी मांडव भरला. उन्हं कनातीच्या फटींतून आत येत होती, गॅसबत्तीच्या उजेडात जे लपतं ते दिवसाच्या उजेडात लपत नाही. प्रोफेसरांनी आवाहन केलं. मी उठलो. त्यांनी मला ओळखलं.

"अरे! माडावरून उतरलास का?"

मांडवात पुन्हा तेच हसू. मी सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या वर सारल्या आणि म्हटलं, "उतरलो नाय साहेब. आज तिथनंच आलोय."

कॅटमधून मी मुद्दाम चौकटचा गुलाम काढला. सगळ्यांना दाखवला. प्रोफेसर माझ्यासमोर पाच हातांवर, कमरेवर हात ठेवून. मी हात एकदा खाली नेला, वर आणला, गुलाम नाही. टाळ्या पडल्या, पण प्रोफेसर मान हलवत होते. त्यांना सगळं ठाऊक होतं ना!

"छान. आता बोटं फाक."

आणि तेवढ्यात डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं की माझ्यामागे, कनातीच्या फटीत कुणीतरी उभं आहे. माझ्या खेळाचा हाच एक धोका. समोरून काही दिसत नाही, पण मागून बघणाऱ्याला पत्ता उघडा दिसतो. तो माणूस ओरडला असता तर संपलं होतं. मी जरा मान वळवली. दामले मास्तर होते. ते माझ्या हाताच्या मागच्या बाजूकडे बघत होते. बघता बघता त्यांनी खिशातून चष्मा काढला, उपरण्याला पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

मी समोर बघितलं आणि बोटं फाकली.

पाचही. जितकी फाकतात तितकी. बोटांच्या फटींतून मांडवातली माणसं मला दिसत होती. गुलाम कुठंच नाही. प्रोफेसर दोन पावलं पुढे आले. त्यांचे हात कमरेवरून खाली आले.

"उलटा कर."

तेही बसवलेलं होतं. कमरेमागची कोयती आपण पुढे ओढतो तसा हात उलटताना अंगठ्यानं पत्ता मागून तळव्याकडे ओढायचा. उलटा हात दाखवला, रिकामा. सुलटा केला, रिकामा. पुन्हा उलटा. मग मी तोच हात पुढे केला आणि प्रोफेसरांच्या छातीवरच्या दोन पदकांच्या मधून चौकटचा गुलाम उपसून काढला.

मांडव असा काही उसळला की कनातीचा एक खांब हलला. आमच्या आळीचे लोक बाकांवर उभे राहून ओरडत होते. जे गेल्या वर्षी खळ्यात गुडघ्यावर थापा मारत होते तेच. प्रोफेसरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, मागून-पुढून बघितला, बेचकीत अंगठा दाबला. माणूस मोठा होता म्हणालो ना. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मी मुंबई, पुणे सगळं बघितलं. हे कुणाकडे नाही. याला काय म्हणतात?"

"पाम."

"पाम कसा? पाम म्हणजे तळहात. तळहात तर रिकामा होता."

मी म्हटलं, "ते मला काय ठाऊक साहेब? मला इंग्रजी येत नाय. माझ्या मास्तरांना विचारा." आणि कनातीकडे हात केला.

मास्तर मागेच सरकत होते. मी जाऊन त्यांना धरून पुढे आणलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांच्या अंगाला हात लावला असेन. त्यांना घाम फुटला होता. मग शाळेत मुलांना सांगतात तसे हात मागे बांधून उभे राहिले.

"पाम या शब्दाचे दोन अर्थ आहेत," मास्तर म्हणाले. "एक तळहात. तो प्रोफेसरसाहेबांना ठाऊक आहे. दुसरा माड. तो आम्हांला."

टाळ्या थांबेचनात. प्रोफेसर चंद्रसेनांनी कमरेत वाकून मास्तरांना नमस्कार केला, खोटा नव्हे, चांगला. बाहेर पडताना बाबा भेटले. ते आल्याचं मला ठाऊकच नव्हतं. लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते, ते बाजूला उभे. जवळ येऊन एवढंच म्हणाले, "कोयती बरी लावलीस." पत्ता कुणालाच दिसला नव्हता, पण माडावर जन्म काढलेल्या माणसाला हाताची ठेवण कळली होती.

त्यानंतर मी पत्त्यांवर चढलो तो उतरलो नाही. मुंबईत प्रोफेसरांच्या मंडळींबरोबर दोन वर्षं खेळ केले. मग स्वतःचे. प्रोफेसरांनी माझी रीत शिकायचा खूप प्रयत्न केला, पण त्यांच्या बेचकीत लोणी. घट्टा विकत मिळत नाही. आणि एकदा पडला की राहतो असंही नाही. आठ दिवस कोयती हातात धरली नाही की चामडी मऊ पडते आणि पत्ता सटकायला लागतो. म्हणून मुंबईतल्या खोलीतही माझ्याकडे कोयती आणि एक माडाचं खोड होतं. रोज सकाळी तासभर तासायचो. शेजारी म्हणायचे, जादूगार आहे की सुतार? आजही तासतो. बाबांना वाटलं होतं माझं माडाशी नातं तुटलं. मी सांगितलं नाही असं नाही, पण त्यांना ते खरं वाटलं नसावं, आणि मी मुंबईत असतानाच ते गेले. एकदा हाताला धरून ते खोड दाखवायला हवं होतं.

मुंबईला जायच्या आदल्या दिवशी मात्र मी दुसरी गोष्ट सांगून टाकली होती. मास्तरांच्या खळ्यात गेलो आणि म्हटलं, "मास्तर, त्या दिवशी सगळे हसले तेव्हा मीपण हसलो होतो."

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. "तुझ्याकडेच बघत होतो मी."

मग ते आत गेले आणि वेताच्या रवळीतून दोन बेसनाचे लाडू आणून माझ्या हातावर ठेवले. ते खाताना मला रडू आलं, लपवायची विद्या येत असूनही लपलं नाही.

मुंबईतल्या पहिल्या खेळाचं हस्तपत्रक निघालं ते इंग्रजीत. मी त्यातलं एक घडी करून मामाच्या हाती पाठवलं नाही, स्वतः घेऊन आलो. सकाळची वेळ होती. मास्तरांच्या खळ्यात चारपाच माणसं उभी होती. एकाच्या हातात तार, एकाकडे कोर्टाचा लखोटा, काशीकाकूंकडे बाटली. मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा कागद पुढे केला.

मास्तरांनी चष्मा पुसला, लावला, आणि नेहमीप्रमाणे आधी सगळं इंग्रजीत वाचायला लागले. प्रोफेसर चंद्रसेन आणि मंडळी, मग कसली कसली नावं. मधेच थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला. पुन्हा लांब धरला. मग खालच्या आळीपर्यंत जाईल अशा आवाजात वाचलं, "द रत्नागिरी पाम."

खळ्यातले सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. मास्तरांनी चष्म्यावरून सगळ्यांना एकदा नीट बघून घेतलं आणि भाषांतर सांगितलं.

"रत्नागिरीचा माड."

आणि कुणी विचारलं नसतानाही त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं.